वैशाखात चढणारी नदी

आमच्याकडे मे महिन्यात नदी बघायला कुणी जात नाही. बघण्यासारखं तिथे काही उरलेलं नसतं. सुट्टीत वडीगोद्रीला आत्याकडे गेलं की आम्ही मुलं गोदावरीवर जायचो, ते टरबुजं खायला. वाळूत आखलेल्या वाड्या, त्यांच्यामधून पायवाटा आणि कुठेतरी पलीकडच्या काठाला चिकटून वाहणारी पाण्याची एक चिंधी. आत्या तिला गंगा म्हणते. त्या भागातले सगळेच म्हणतात. वैशाखात गंगा चपला हातात न घेता ओलांडता येते.

म्हणून ऋषिकेशला राफ्टिंग करायचं तर कोणत्या महिन्यात, असा प्रश्न घरात निघाला तेव्हा बाबांनी लगेच सांगितलं, "मे. उन्हाळ्यात नदीला पाणी न्हाई राहत, माय. रबराची नाव ढोपरभर पाण्यात. पडलीस तर उभी राहशील."

हे कुणालाच चुकीचं वाटलं नाही. मला तर नाहीच. मी शाळेत इंग्रजीतून भूगोल शिकले होते, हिमालयातल्या नद्या बारमाही असतात हे परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. पण ते वाक्य पुस्तकातलं होतं आणि टरबुजं खरी होती.

बाबांचं जालन्यात बी-बियाण्यांचं दुकान आहे. मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते आणि पुढे शिकायला पुण्याला जायचं माझ्या मनात होतं. आमच्या घरातली एकही मुलगी तोवर होस्टेलवर राहिलेली नव्हती. बाबा नाही म्हणाले नव्हते, हो पण म्हणाले नव्हते. त्यांनी एवढंच सांगितलं, "आधी विजूसंगं आठ दिवस घराबाहेर राहून दाखव. कशी राहतीस ते तो मला रोज फोनवर सांगंल. मंग पुण्याचं बघू."

विजूदादा म्हणजे आत्याचा मुलगा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्याला उन्हाळ्याची सुट्टी होती आणि आत्याला हरिद्वारची गंगा करायची होती. बरोबर संगीतावहिनी. ती पिंपळगाव रेणुकाईची, लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. राफ्टिंग मी त्या यात्रेला हळूच जोडलं. कॉलेजच्या लायब्ररीत एका इंग्रजी मासिकात मी त्याचे फोटो पाहिले होते आणि शेजारचा तक्ता पाठ केला होता. पांढऱ्या, म्हणजे फेसाळत उसळणाऱ्या पाण्याला एक ते सहा अशी श्रेणी असते. पहिलीत नदी नुसती वाहते. तिसरीत लाटा अंगावर येतात, पण माणूस सावरतो. पाचवीत अनुभवी लोकांनीच जावं. सहावीबद्दल मासिक फारसं बोलत नव्हतं. ऋषिकेशच्या वरचे टप्पेही दिले होते: ब्रह्मपुरी सगळ्यात सोपा, त्याच्या वर शिवपुरी, त्याच्या वर मरीन ड्राइव्ह आणि अगदी वर कौडियाला.

बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ब्रह्मपुरी. त्याच्यापुढं बिलकुल न्हाई."

मी बरं म्हणाले.

हरिद्वार

आगगाडीचं आणि दिल्लीहून पुढच्या बसचं वर्णन करत नाही. एवढंच सांगते की आत्याने बांधून घेतलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी दिल्लीपर्यंत पुरली. समोरच्या बाकावरच्या पंजाबी कुटुंबाने चटणीचा वास घेऊन आधी खिडकी उघडली आणि नंतर वाटी पुढे केली.

हरिद्वारला पोचलो तेव्हा ऊन आमच्यासारखंच होतं. लू म्हणतात ते भाजणारं वारं, धूळ, डोक्यावर ओले टॉवेल. पाण्याकडे बघून मात्र मी थांबले. हिरवट करडं पाणी घाटाला घासून एवढ्या वेगाने चाललं होतं की आंघोळ करणाऱ्यांसाठी साखळ्या बांधल्या होत्या. लोक साखळी धरून बुडी मारत होते आणि किंचाळत वर येत होते. आत्याने गुडघ्यापर्यंत पाय घातला आणि झटकन मागे घेतला.

"अगं बया! हे ऊन कुठलं अन् हे पाणी कुठलं! बर्फात ठिवल्यावानी!"

"बर्फाचंच आहे आत्या," मी म्हणाले. बर्फ उन्हाळ्यात वितळतो. मग नदी उन्हाळ्यात...

ते वाक्य मी मनातसुद्धा पुरं केलं नाही.

आत्याने ओटी आणली होती. आमच्याकडे बायका मोठ्या नदीची ओटी भरतात. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, अगदी माहेरवाशिणीची भरावी तशी. आत्या ते घरी गोदावरीवर करते तेव्हा पाण्याच्या चिंधीपर्यंत चालत जाते, खाली बसते, हळदकुंकू लावते, नारळ ठेवते. नारळ तिथेच बसून राहतो. इथे तिने नारळ पाण्याला टेकवला, हळदीच्या डबीला हात घातला आणि वर बघते तर खण, नारळ, तांदूळ सगळं गेलेलं. नारळ दूर पुलाखाली डोकं वर काढून पळत होता.

"घाई झालीय बाईला," आत्या म्हणाली. मग उरलेलं हळदकुंकू तिने वाहत्या पाण्यावरच उधळलं.

संगीतावहिनी इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. सासूसमोर ती एवढी हसलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. प्रवासाने ती बदलत चालली होती. पदर कमरेला खोचला गेला होता आणि दादाला ती एकदा चक्क "अहो, गप बसा" म्हणाली होती.

ऋषिकेश

आमची उतरण्याची सोय एका धर्मशाळेत होती. घराशेजारच्या मारवाडी काकांचा समाज ती चालवतो, त्यांनीच फोन करून खोली मिळवून दिली होती. खोल्या स्वच्छ, कांदा-लसूण वर्ज्य, संध्याकाळी दार लवकर बंद. जेवणात पहिल्या दिवशी राजमा होता. आत्याने एक दाणा उचलून उजेडात धरला. "एवढाल्या बियांचं बेणं करायचं सोडून शिजवून खाऊन राह्यले!" दुसऱ्या दिवशी तिने बरोबर आणलेलं ज्वारीचं पीठ काढलं आणि स्वयंपाकघरात जाऊन तवा मागितला. तिथला राजस्थानी महाराज आधी नाही म्हणाला, मग बाजूला उभा राहून भाकरी थापणं बघत बसला आणि शेवटी त्याने स्वतःसाठी दोन मागून घेतल्या.

राफ्टिंगची दुकानं मुख्य रस्त्यावर ओळीने होती. आम्ही गेलो त्या दुकानात भिंतीवर मी पाठ केलेलाच तक्ता होता, मोठ्या अक्षरांत. मला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. मी दादाच्या मागे उभी होते. आत बिष्ट नावाचे गाईड बसले होते. चाळिशीचे, उन्हाने नाक सोललेलं.

"सबसे आसानवाला," दादा म्हणाला. "गर्मी में तो पानी कम होगा ना?"

बिष्ट हसले. "सर, गर्मी में तो बढ़ता है. ऊपर बर्फ पिघल रही है. रोज थोड़ा-थोड़ा चढ़ रहा है. मार्च में आते तो नीचे के पत्थर दिखते."

भिंतीवरच्या तक्त्यातले आकडे मार्चमधल्या पाण्याचे होते, ते म्हणाले. पाणी चढलं की काही उसळ्या, त्यांना सगळे रॅपिडच म्हणतात, पाण्याखाली झाकल्या जातात आणि सपाट होतात. काही मात्र दुप्पट होतात. पावसाळ्यात तर सगळंच बंद. जूनच्या शेवटाला दुकानाला कुलूप.

बाहेर आल्यावर दादाचा चेहरा फुलला होता. "शुभे, मंग आता मरीन ड्राइव्हच करू! एवढं पाणी चढलंय, पुन्हा कधी येणार आपण? सगळ्यात भारी. अन् मामांना सांगायची काही गरज न्हाई. मी म्हणंन ब्रह्मपुरी केलं. त्यांना काय कळतंय?"

"आणि नंतर कळलं तर?"

"तू सांगशील का? मी तर न्हाई सांगत." तो हसला. "तुझं पुणं माझ्या हातात हाय, ध्यानात ठेव."

तो गमतीने म्हणाला. पण मला ती गंमत वाटली नाही. मला एवढंच कळत होतं की ब्रह्मपुरी म्हणजे बाबांनी निवडलेली वैशाखातली गोदावरी, आणि ती इथे नव्हतीच. मरीन ड्राइव्ह दादाने निवडलं होतं. मी जालन्यापासून इतक्या लांब आले होते आणि मी अजून काहीच निवडलेलं नव्हतं.

संध्याकाळी एस.टी.डी. बूथवर दादाने बाबांना फोन लावला. "हां मामा, सगळं बराबर." मग मी हात पुढे केला. दादाने भुवया उंचावल्या आणि रिसीव्हर दिला.

पलीकडे दुकानाचा गलका होता. पेरणी तोंडावर आली होती, त्या वर्षी कपाशीचं नवं बी आलेलं आणि त्यासाठी लोक ओळीने उभे असायचे. "बोल माय, जल्दी बोल."

मी एका श्वासात सांगितलं. उन्हाळ्यात इथे पाणी वाढतं. आपण समजलो ते उलटं होतं. सोपा टप्पा म्हणतात तोही आता तसा नाही, आणि मला त्याच्या वरचा, शिवपुरीचा करावासा वाटतो.

गिऱ्हाइकांचा आवाज येत होता.

"शिवपुरी बराबर हाय असं कोण म्हणून राह्यलं? दुकानदार?"

"तक्त्यात..."

"तक्ता ऱ्हाऊ दे. पिशवीवर काय छापलं ते मला नको सांगू. ज्यानं औंदा पेरलंय त्याला विचार. अन् कुणालाबी न्हाई. तुझ्यासारखी जमीन असंल त्याला विचार." मग दुसऱ्याच कुणाला, "थांब रे, देतो," आणि मला, "उद्या सांग."

फोन ठेवला. बाबा तीस वर्षं असंच बी विकत आले आहेत. नव्या वाणाबद्दल कुणी विचारलं की ते स्वतः काही सांगत नाहीत. त्या गिऱ्हाइकासारखीच जमीन, तेवढंच पाणी असलेल्या दुसऱ्या शेतकऱ्याचं गाव सांगतात आणि म्हणतात, जाऊन बघून ये. लोक दोन एस.ट्या बदलून तीर्थपुरीपर्यंत जाऊन येतात, परत येऊन बी नेतात, नाहीतर नेत नाहीत.

मला हे करायचं होतं. म्हणजे अनोळखी माणसांशी बोलायचं होतं. खरं सांगायचं तर मरीन ड्राइव्ह सोपं वाटायला लागलं.

लक्ष्मणझुल्याखालचा किनारा

राफ्ट जिथे काठाला लागतात तिथे मी आणि वहिनी दुपारी जाऊन बसलो. पांढरी वाळू, तापलेले गोटे आणि एकामागून एक येणाऱ्या निळ्या-लाल राफ्ट. उतरणारी माणसं निथळत असत, थरथरत असत आणि सगळी एकाच वेळी बोलत असत. मी तासभर नुसती बघत राहिले.

"ताई," वहिनी म्हणाली, "बसून काय ते सांगायला येणारेत का आपल्याकडं?"

मी उठले. सगळ्यात आधी दिल्लीच्या मुलांचा एक घोळका भेटला. "अरे कुछ नहीं होता, मस्त है!" एवढंच त्यांच्याकडून मिळालं. पोहणारी, दांडगी मुलं. ती जमीन माझी नव्हती.

नंतर इंदूरच्या एक बाई. बँकेत नोकरीला, पोहता येत नाही, उंचीने माझ्याएवढ्याच. त्या मरीन ड्राइव्हहून आल्या होत्या. त्यांचे हात वल्ह्याच्या आकारात तसेच आखडून राहिले होते, नवरा एकेक बोट सोडवत होता. "कैसा था?" मी विचारलं. "पता नहीं," त्या म्हणाल्या. "मैंने तो आँखें ही नहीं खोलीं. भगवान का नाम लेती रही." नवरा म्हणाला, "पैसे मेरे लगे, दर्शन इसने भगवान के किए." त्या हसल्या, पण बोटं अजून पुरती सुटली नव्हती.

ब्रह्मपुरीहून आलेले एक गृहस्थ नाराज होते. बसलो आणि उतरलो, म्हणाले. तिथल्या उसळ्या चढत्या पाण्याखाली झाकल्या गेल्या होत्या.

मला हवी होती ती माणसं शेवटी भेटली. नागपूरच्या दोन बहिणी, शिवपुरीहून आलेल्या, धाकटी नखशिखांत भिजलेली आणि ओठ निळे. मराठी ऐकूनच माझा धीर वाढला. मी एवढे प्रश्न विचारले की वहिनी माझ्याकडे बघत राहिली. पोहता येतं का? पडलात का? कुठे? पडल्यावर किती वेळ पाण्यात होतात? ओढलं कसं? प्रश्न आपोआप येत होते.

"पडले ना," धाकटी म्हणाली. "गोल्फ कोर्स म्हणून एक रॅपिड आहे, तिथे. नाकातोंडात पाणी गेलं. पण त्याच्यापुढे नदी लांबपर्यंत शांत आहे. तिथे उचलतात. वरच्या टप्प्यात म्हणे एक उसळी संपायच्या आत दुसरी येते. मला कुठे येतं पोहता?"

"पुन्हा जाल?"

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. "उद्या चाललोय की!"

मी धर्मशाळेत परतले ती जवळजवळ धावत. दादा खाटेवर पडला होता. मी त्याला सांगितलं, आपण शिवपुरी करायचं. पडलं तरी पुढे शांत पाणी आहे, आणि मला डोळे उघडे ठेवून जायचंय.

"तू ठरवणार?" दादा उठून बसला. "इतक्या लांब येऊन मधलंच? जालन्याचे लोक हात भिजवून आले म्हणतील!"

"म्हणू दे," मी म्हणाले. "तुला मरीन ड्राइव्ह करायचं तर कर. मी बाबांना जे करणार तेच सांगणार आहे."

"मी ताईसंगं," वहिनी दारातून म्हणाली.

आत्या माळ ओढत होती. डोळे न उघडता तिने विचारलं, "विजू, तुला पवता येतं का रे?"

"विहिरीत येतं."

"मंग गप ऱ्हा."

बाबांना फोनवर मी सगळं जसंच्या तसं सांगितलं, निळ्या ओठांसकट. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, पडलेली पोरगी पुन्हा जाऊन राह्यली का? मी म्हणाले, उद्याच. "बरं," ते म्हणाले. "जा. विजूला दे फोन." दादा नुसता "हां... हां मामा... न्हाई मामा" करत राहिला. काय बोलणं झालं ते त्याने मला आजवर सांगितलेलं नाही.

शिवपुरी

जीपच्या टपावर राफ्ट बांधून आम्ही सकाळी निघालो. रस्ता डोंगराच्या कडेने, नदी खाली खोल. आत्याने शिवपुरीपर्यंत येऊन आम्हाला निरोप दिला आणि त्याच जीपने खाली जाऊन आमची वाट बघायचं कबूल केलं. निघताना तिने आमच्या प्लॅस्टिकच्या टोप्यांवर कुंकू लावलं. बिष्टांच्या टोपीवरही लावलं. त्यांनी मान वाकवली.

वल्हं कसं धरायचं, पाय राफ्टच्या फुगवट्याखाली कसा अडकवायचा, हुकूम कोणते, हे त्यांनी वाळूवर शिकवलं. पडलं तर उताणं व्हायचं, पाय वर आणि पुढे, राफ्टभोवतीची दोरी दिसली की धरायची. आत असलेल्याने पडलेल्याला लाइफ जॅकेटच्या खांद्याच्या पट्ट्यांना धरून आधी थोडं खाली दाबायचं आणि मग वर ओढायचं. संगीतावहिनीने मान हलवली. "विहिरीतल्या पोहऱ्यासारखं," ती मला म्हणाली. "बुडवल्याबिगर वर येत न्हाई." तिने सलवार-कमीज माझा घातला होता आणि मंगळसूत्र आत खोचून वरून दोन पिना लावल्या होत्या.

मी पुढून दुसरी, डावीकडे. माझ्यामागे वहिनी. सगळ्यात पुढे दादा, कारण त्याने तीच जागा मागून घेतली. बाकी एक नवराबायको, लखनौकडचे. मागे बिष्ट.

पाण्यावर गेल्या गेल्या पहिली गोष्ट जाणवली ती शांतता. काठावरून जो गर्जतो तो प्रवाह मध्यावर गेलं की गुळगुळीत असतो आणि डोंगर मागे सरकत राहतात. मग पुढून आवाज येतो. आधी नुसता आवाज. नदी पुढे संपल्यासारखी दिसते, एक रेघ, आणि रेघेच्या पलीकडून पांढरे हात वर येतात.

"फॉरवर्ड!"

पहिली लाट दादाच्या छातीवर फुटली आणि तो आनंदाने असा ओरडला की डोंगरातून परत ऐकू आला. दुसरी माझ्या तोंडावर. बर्फाचं पाणी मानेतून पाठीत उतरलं, राफ्ट वाकली, ताठ झाली, आभाळ दिसलं, मग फक्त पाणी, मग पुन्हा आभाळ. मी ओरडत होते. मी ओरडते आहे हे मला वहिनीच्या ओरडण्यामुळे कळलं, कारण आमचे आवाज एकत्र थांबले. शाळेत स्नेहसंमेलनात माझा आवाज तिसऱ्या ओळीपर्यंत जात नसे.

"और?" बिष्टांनी विचारलं.

"और!" मी म्हणाले. सगळ्यांच्या आधी.

रोलर कोस्टर नावाची उसळी नावासारखीच होती. ती संपल्यावर आम्ही वल्ही उंच धरून आपटली. डोळे मी एकदाही मिटले नाहीत. लाटेच्या आत गेलं की पाणी हिरवं दिसतं आणि त्यात उजेड असतो, हे मी बघितलं.

आणि मग गोल्फ कोर्स. बिष्ट आधीच म्हणाले होते, पाणी चढलंय, इथे मी सांगतो तेवढंच करा. आम्ही केलं. पण एक लाट समोरून न येता बाजूने आली. राफ्टची डावी बाजू वर उचलली गेली, माझा पाय फुगवट्याखालून सुटला आणि मी बाहेर होते.

थंडीने छाती आवळली गेली. आवाज बंद झाला, नुसती घरघर. वर कुठे आणि खाली कुठे ते कळेना. मग जॅकेटने मला वर फेकलं, अर्धा श्वास मिळाला, पुन्हा लाट. पाय वर, मी स्वतःला सांगत होते, पाय वर. नागपूरच्या मुलीचं तोंड आठवत होतं: पुढे लांबपर्यंत शांत आहे. पुढे आहे. आणखी एक लाट. नंतर पाणी खरंच मऊ झालं आणि दोन हातांवर राफ्टची दोरी दिसली. मी ती पकडली.

"सोडू नका ताई! सोडू नका!" वहिनी अर्धी बाहेर वाकली होती. तिने माझ्या खांद्याच्या पट्ट्या धरल्या, मला खाली दाबलं आणि मागे पडत असं ओढलं की मी तिच्या अंगावरच आत येऊन आदळले. दोघी राफ्टच्या तळाला, पाण्यात, एकमेकींवर. ती हसत होती आणि रडत होती.

"किती जड हो तुम्ही! दिसत न्हाई!"

दादा पांढरा पडला होता. त्याचं वल्हं वाहून गेलं होतं.

"ठीक?" बिष्टांनी विचारलं.

मी खोकत खोकत मान हलवली. मग माझं वल्हं कुठे आहे ते बघितलं. ते लखनौच्या बाईंनी पकडून ठेवलं होतं. मी ते घेतलं आणि जागेवर जाऊन पाय अडकवला, या वेळी पुरता आत.

पुढच्या शांत पाण्यात बिष्ट म्हणाले, इथे हवं तर उतरून तरंगता येतं. लखनौचे दोघं उतरले. दादा नको म्हणाला. मी दोरी धरून पुन्हा पाण्यात उतरले. ऊन तोंडावर, पाठीखाली बर्फाचं पाणी, आणि काठावरची झाडं आपापल्या चालीने मागे जाताना. तेवढा वेळ माझ्या डोक्यात काहीही नव्हतं.

बूथ

खाली आत्या वाळूवर छत्री घेऊन उभी होती. तिला सगळं सांगता सांगता आम्ही टपरीवर गरम मॅगी आणि चहा घेतला. आत्याने माझे केस पदराने पुसले आणि मी पडले त्या जागेला दोन शिव्या दिल्या. नदीला नाही, जागेला.

बूथकडे जाताना दादा माझ्याबरोबर चालू लागला. त्याचा आवाज खाली आला होता. "शुभे, पडलीस हे नको सांगू. मी तुझ्याच भल्यासाठी म्हणून राह्यलो. मामा घाबरतील. पुण्याचं विसर मंग. मीबी न्हाई सांगणार, आईची शपथ."

त्याला माझी काळजी होती हे मला दिसत होतं. ते गोड खोटं माझ्या पुढ्यात ठेवलेलं होतं आणि बाबा चौदाशे-पंधराशे किलोमीटर लांब होते. मी नंबर फिरवला.

"बोल माय. झालं?"

"झालं. बाबा, मी पडले पाण्यात."

मागचा गलका होताच.

"मंग?"

"दोरी धरली. वहिनीने ओढून घेतलं."

"लागलं?"

"नाही. थोडं पाणी गेलं नाकात."

"मंग उतरलीस?"

"नाही. पुढचं सगळं केलं."

दादा काचेच्या बाहेर उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत होता. मला वाटलं, गेलं पुणं. आणि तरी मी सांगितलं याचं मला वाईट वाटत नव्हतं. हे मला नवं होतं.

"विजू हाय का तिथं?"

"आहे. देऊ?"

"नको. त्याला म्हणावं, आता रोज फोन करायची गरज न्हाई. तूच करत जा." ते कुणाला तरी पिशवीचा भाव सांगू लागले आणि परत आले. "पुण्याला जागा बघायला कधी जायचं म्हणलीस? मला पेरणीपातूर दुकान सोडता येत न्हाई. तू अन् आत्या जाऊन या. जागा बघा, पोरींला भेटा, जेवण कसं हाय ते खाऊन बघा. अन् ठरव."

"मी ठरवू?"

"मंग कोण, मी राहणारे का तिथं?" ते म्हणाले. "ठिव आता. लई गर्दी हाय."

मी बाहेर आले. दादाने काही विचारायच्या आत आत्याने विचारलं, काय म्हणला माझा भाऊ? मी तिला सांगितलं की आपल्या दोघींना पुण्याला जायचंय. आत्याने छत्री मिटली, हिशेब केल्यासारखं आभाळाकडे बघितलं आणि म्हणाली, "तिथं तरी नदीत नको उतरू बाई, मला पुन्हा ओटी आणायची सवड न्हाई."